देहातील अखंड वारी

बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात 'हृदय' या शब्दाची तीन अक्षरे वेगळी करून त्यांचे चिंतन सांगितले आहे. 'हृ' म्हणजे आणणे, 'द' म्हणजे देणे आणि 'य' म्हणजे जाणे. उपनिषदाला तेथे ब्रह्म सांगावयाचे आहे, छातीतला मांसाचा गोळा नव्हे, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. जुन्या ग्रंथातून नवी शास्त्रे ओढून काढण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे, आणि त्या ओढाताणीत ग्रंथही फाटतो व शास्त्रही फाटते. तरी पण शब्दाची गंमत पाहा. जो आणतो, देतो आणि चालत राहतो, तो हृदय. आता वारकऱ्याचे वर्णन याहून निराळे काय करणार?

ज्येष्ठ मास जवळ आला की गावोगाव पताका धुतल्या जातात, टाळांच्या दोऱ्या बदलतात, पखवाजाला शाई भरून येते. एका गोष्टीची तयारी मात्र कोणी करीत नाही. ज्या देहाने पंढरीला जायचे तो देह आतून कसा चालतो, हे आपण कधी विचारीत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले : "अहो महाराज, देह नाशवंत, त्याची काय एवढी चौकशी!" संतांनी देहाला नाशवंत म्हटले हे खरे. पण त्याच संतांनी नरदेह दुर्लभ म्हणून सांगितला, हे विसरून कसे चालेल? भाड्याचे घर झाले म्हणून त्याच्या तुळईला कोणी कुऱ्हाड लावीत नाही.

तर आज या घरात थोडे हिंडून येऊ.

हृदय हे आपल्याच मुठीएवढे. त्याला चार कप्पे, दोन उजवीकडे, दोन डावीकडे, आणि मध्ये पडदा. सर्व अंगातून फिरून, काम करून, मळून आलेले रक्त उजव्या बाजूस येते. तेथून ते फुप्फुसात जाते, प्राणवायू घेऊन ताजे होते आणि डाव्या बाजूस परत येते. डावा कप्पा जोराने आवळतो आणि ते रक्त धमन्यांतून टाळूपासून तळपायापर्यंत पोचवतो. मिनिटाला सुमारे ७२ ठोके, दर ठोक्याला अर्ध्या फुलपात्राएवढे रक्त, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर. अंगात रक्त तरी किती? तेही सुमारे ५ लिटरच. म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाच्या देहातील रक्ताचा थेंब साधारण मिनिटाभरात एक फेरा पुरा करतो. आपण हरिपाठाला बसून उठेपर्यंत आत किती वाऱ्या झाल्या असतील, त्याचा हिशेब आपणच करावा.

ही वारी माणसाला फार उशिरा कळली. युरोपात गेलन नावाच्या वैद्याचे मत शतकानुशतके प्रमाण मानीत. तो म्हणे, यकृतात रक्त नित्य नवे होते, अवयवांकडे जाते आणि तेथेच संपते. म्हणजे जाणे आहे, येणे नाही. कैरोमध्ये इब्न अल-नफीस नावाचा हकीम होऊन गेला. त्याने प्रथम सांगितले की उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्यातून पलीकडे जात नाही, ते फुप्फुसाला वळसा घालून डावीकडे येते. हा हकीम १२८८ साली वारला, आणि नेवाशास ज्ञानेश्वरी पुरी झाली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती, पण काळ एकच. पुढे १६२८ साली इंग्लंडच्या विल्यम हार्वे याने ग्रंथ लिहून सगळा फेरा सिद्ध केला. त्याची युक्ती मोठी साधी, एखाद्या दुकानदाराच्या मांडणीसारखी आहे. एका ठोक्याला रक्त किती, अर्ध्या तासात ठोके किती, यांचा गुणाकार करा. येणारा आकडा देहातल्या एकंदर रक्ताहून जास्त निघतो. इतके रक्त अर्ध्या तासात नवे होणे शक्य नाही. तेव्हा गेलेलेच परत येत असले पाहिजे. धमन्यांतून शिरांमध्ये रक्त कोणत्या वाटेने जाते हे मात्र हार्वेला दिसले नाही. ते १६६१ साली इटलीच्या मालपिघीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात पाहिले. केसाहूनही बारीक अशा त्या वाहिन्या, म्हणूनच त्यांना केशवाहिन्या म्हणतात.

वारी या शब्दातच येरझार आहे, मंडळी. नुसता गेला तो प्रवासी. जाऊन आला आणि पुन्हा निघाला तो वारकरी.

आता या रक्तात वाहतो कोण, ते पाहा. रक्ताच्या तांबड्या पेशी माणसाच्या अंगात सुमारे २५ लाख कोटी आहेत. हाडाच्या पोकळीत, मज्जेत, त्यांचा जन्म. आयुष्य किती? सुमारे १२० दिवस. म्हणजे आषाढी एकादशीला जन्मलेली पेशी कार्तिकी एकादशीच्या सुमारास आपला देह ठेवते. चातुर्मास हेच तिचे आयुष्य! या चार महिन्यांत ती प्राणवायू पाठीवर घेऊन अंगभर फिरते आणि ज्याला हवा त्याला देते. पण आम्हाला खरे नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. एका डॉक्टर शिष्याने ती सांगितली तेव्हा आम्ही त्याला दोनदा विचारून घेतले. इतर पेशींमध्ये प्राणवायू वापरून शक्ती निर्माण करणारी जी बारीक यंत्रे असतात, ती या तांबड्या पेशीत नसतातच. जन्म घेऊन बाहेर पडताना ती आपले केंद्र टाकते आणि ही यंत्रेही टाकते, म्हणजे ओझ्याला तेवढी जागा अधिक. स्वतःपुरती शक्ती ती थोड्याशा साखरेतून, प्राणवायूवाचून मिळवते. जन्मभर प्राणवायू वाहिला आणि त्यातला कणही स्वतः खर्चिला नाही. डोक्यावर तुळस घेऊन पंढरीपर्यंत चालणाऱ्या बाया आपण पाहतो. वाटेत त्या तुळशीचे पान कधी तोडून खातात का?

या वाहणारीच्या डोक्यावरची जागा आपणच अडवतो, हे येथेच सांगितले पाहिजे. विडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. पेशीतील लोहयुक्त द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. एकदा बसला की लवकर उठत नाही, आणि प्राणवायू बाहेर ताटकळतो. तंबाखूने शिवाय धमन्या आकसतात आणि ठोके वाढतात. गळ्यात माळ घातली, मद्यमांस सुटले, फार चांगले झाले. पण कमरेची चंची सुटली नाही, असे माळकरी आम्ही पुष्कळ पाहतो. कीर्तन संपल्याबरोबर मंडपाच्या मागे जो धूर निघतो, तो धुपाचा नसतो.

आता श्वास. आपल्याकडे योगाच्या ग्रंथांतून दिवसाचे श्वास २१,६०० सांगितले आहेत. प्रत्येक श्वासाला सोऽहम्, म्हणून तो अजपा जप. हिशेब केला तर मिनिटाला बरोबर १५ येतात. आजचे डॉक्टर स्वस्थ माणसाला १२ ते २० सांगतात. बसून मोजणाऱ्याची गणती चुकत नाही, ती आजही खरी आहे.

फुप्फुस म्हणजे फुगा नव्हे. आत श्वासनलिकेला फांद्या फुटत फुटत शेवटी सूक्ष्म वायुकोशांचे घोस लागलेले असतात. हे वायुकोश तीस ते पन्नास कोटी आहेत. सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे कीर्तनाचा बेताचा मंडप. एवढा मंडप छातीत घडी घालून ठेवला आहे! प्रत्येक वायुकोशाभोवती केशवाहिन्यांचे जाळे. अलीकडे हवा, पलीकडे रक्त, मध्ये अतिशय पातळ पडदा. त्यातून प्राणवायू आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. आत घेतलेल्या हवेत प्राणवायू शंभरात २१ भाग असतो, सोडलेल्या हवेत सुमारे १६. म्हणजे देह सगळे ओरबाडून घेत नाही. लागेल तेवढे घेतो, उरलेले सोडतो.

छाती आणि पोट यांच्या मध्ये घुमटासारखे एक स्नायूचे पटल आहे, श्वासपटल. ते खाली ओढले गेले की छातीत जागा होते आणि हवा आत येते. आम्ही आयुष्यभर चाल धरून लांब आलाप घेतला तो या पटलाच्या जोरावर. गवयाचा श्वास गळ्यात नसतो, पोटात असतो, असे आमचे गुरुजी म्हणत, ते याचसाठी. आणखी एक. अन्नाची वाट व हवेची वाट घशात एकमेकींना ओलांडतात. घास गिळताना श्वासनलिकेवर एक लहानसे झाकण पडते. पंगतीत तोंडात घास असता मोठमोठ्याने बोलले की ते झाकण गोंधळते आणि ठसका लागतो. वदनी कवळ घेताना नाम घ्यावे, गावच्या भांडणाची चर्चा करू नये.

अन्नाविषयी गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंतांनी स्वतःच सांगितले आहे की प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन, प्राण व अपान यांच्यासह मीच चतुर्विध अन्न पचवतो. या अग्नीला माणसाने डोळ्याने पाहिले, त्याची हकीकत ऐका. १८२२ साली अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार बसला. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टराने त्याला वाचवले, पण पोटाचे छिद्र बुजले नाही. झाकण उघडून डब्यात पाहावे तसे त्या छिद्रातून जठरात पाहता येई. डॉक्टर रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून आत सोडी आणि ठरलेल्या वेळाने ओढून पाही. जठरातील रस बाटलीत काढून ऊबेत ठेवला तर बाटलीतही मांस विरघळले. १८३३ साली त्याने हे सारे छापले. त्यात एक नोंद आहे, ती आम्हाला कीर्तनात फार उपयोगी पडते. तो माणूस रागावला, चिडला की पचन बिघडे. रोगी मोठा तापट होता, डॉक्टरही चिवट. पुढे डॉक्टर १८५३ साली वारला आणि पोटाला भोक असलेला हा गडी १८८० पर्यंत जगला.

जठरातील आम्ल इतके तीव्र की मांस जिरवते, मग जठर स्वतः कसे जिरत नाही? कारण आतून चिकट द्रवाचा लेप असतो आणि अस्तर दर थोड्या दिवसांनी नवे होते. तेथून अन्न लहान आतड्यात जाते, सुमारे ६ मीटर लांब. यकृताचे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस तेथे मिळतो, आणि अन्नाचा बहुतेक अर्क रक्तात जातो. पण हे रक्त थेट हृदयाकडे जात नाही, बरे का. आधी यकृताकडे जाते. यकृत हा दिंडीचा कोठावळा. आलेला शिधा तपासतो, विषारी ते बाजूला काढतो, जास्तीची साखर कोठीत ठेवतो. एकादशीला आपण जेवत नाही तेव्हा हाच कोठावळा कोठी उघडून साखर बाहेर देतो. निरोगी माणसाला एका दिवसाचा उपास सोसतो तो याच्या जिवावर. अर्थात साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि बटाट्याचा कीस यांनी दुप्पट खाशी झाली, तर कोठावळ्याला सुट्टी कसली!

तर एकाने हवा आणली, एकाने अन्न आणले, रक्ताने दोन्ही वाटले. खुद्द हृदयाचे काय? त्याच्या कप्प्यांतून दिवसाला सुमारे ७,००० लिटर रक्त जाते, पण त्या रक्ताला हृदय आपल्या पोटासाठी हात लावीत नाही. डावा कप्पा रक्त महाधमनीत सोडतो, त्या महाधमनीला दोन लहान फांद्या फुटतात आणि त्या हृदयाच्या मांसाला रक्त पुरवतात. सर्वांना वाढले जाते त्याच पंक्तीतून त्याचा वाटा. आणि तोही केव्हा मिळतो? आवळलेले असताना त्या वाहिन्या दाबल्या जातात. म्हणून हृदय मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात जेवते. एक ठोका सुमारे ०.८ सेकंदाचा धरला तर त्यात काम ०.३ आणि विसावा ०.५ सेकंद. चोवीस तासांचा हिशेब केला तर काम ९ तास, विसावा १५ तास. अखंड चालणारा तो कधी थांबत नाही, आणि विसाव्यावाचून चालतही नाही.

ही गोष्ट ध्यानात ठेवून आता आमच्याबरोबर दिवे घाटाच्या पायथ्याशी या.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. पुण्यास मुक्काम होतो आणि बहुधा एकादशीच्या दिवशी सासवडची मोठी मजल येते. वाट तीस किलोमीटरच्या वर, शेवटी घाट, आणि त्यात उपास. चढाला पायांचे स्नायू प्राणवायू मागू लागतात. ठोके ७२ वरून १३०-१४० वर जातात, मिनिटाला ५ लिटरच्या जागी दुप्पट-तिप्पट रक्त फेकावे लागते. आतड्याचे रक्त काढून पायांकडे वळवले जाते. घाम निघतो, पाणी न प्यायल्यास रक्त कमी होते व दाट होते, म्हणजे ठोके आणखी वाढतात. ठोके वाढले की कमी काय होते? काम थोडे, विसावा फार. ०.५ सेकंदाचा विसावा ०.२ वर येतो. म्हणजे हृदयाला भूक सर्वांत जास्त आणि जेवायला वेळ सर्वांत थोडा. तरण्याबांड हृदयाला हे झेपते. पण ज्याच्या हृदयाच्या त्या दोन फांद्या वयाने, तंबाखूने, मधुमेहाने आतून अरुंद झाल्या आहेत, त्याच्या छातीत तेथे दाटते. बसला की उतरते, उठून चढू लागला की पुन्हा दाटते. याला आपण नाव देतो पित्त.

आमच्या दिंडीत एक वृद्ध टाळकरी होते. अठ्ठावीस वाऱ्या झालेल्या. त्या वर्षी सासवडच्या कीर्तनासाठी आम्ही पुढे गेलो होतो. रात्री दिंडी आली आणि कळले, ते घाटात गेले. बरोबरच्यांनी सांगितले ते असे : वडकीलाच त्यांना घाम फुटला होता, डावा खांदा चोळीत होते. "काय होतंय, माउली?" असे विचारले, तर म्हणाले, "काही नाही, पित्त आहे, उपासाचं." पाणी दिले, घेतले नाही, निर्जळी होती. बसा म्हटले, बसले नाहीत, दिंडी पुढे जाईल म्हणून. सामानाच्या ट्रकमधील त्यांच्या वळकटीत गोळ्यांची पुडी निघाली. दशमीच्या रात्रीपासूनच्या गोळ्या तशाच. गोळीने उपास मोडतो, असे त्यांचे म्हणणे होते.

गोळी घेतली असती तर ते वाचलेच असते असे आम्ही म्हणत नाही, ते डॉक्टर जाणोत. पण पुढे जे बोलणे चालले त्याविषयी मात्र म्हणणार. जो तो म्हणे, "भाग्यवान! वारीत देह ठेवला." आम्ही त्यांच्या गावी दहाव्याला गेलो तेव्हाही हेच चालले होते. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती एवढेच म्हणाली, "म्हाराज, त्यास्नी पांडुरंगाला भेटायचं हुतं. अजून पंधरा दिस हुते."

आम्हाला त्यावर उत्तर सुचले नाही, आणि तेव्हापासून ते 'भाग्यवान' आम्ही तोंडात येऊ देत नाही. तो निघाला होता पांडुरंगाला भेटायला, घाटात राहायला नव्हे.

आता शास्त्र काय म्हणते ते सांगतो, कारण गोळीचा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतोच. व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी स्मृतिकारांनी मोजून ठेवल्या आहेत : पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. पाहा, यादी सुरू होते पाण्याने आणि संपते औषधाने! ज्यांनी व्रते सांगितली त्यांनीच ही सूट दिली आहे. तेव्हा गोळीने एकादशी मोडते हे मत कोणत्या ग्रंथातून आले, ते सांगणाऱ्याने दाखवावे. मधुमेही मंडळींनी मात्र आणखी जपावे. साखर उतरवणारी गोळी किंवा सुई घेऊन उपाशी चालले तर साखर एकाएकी फार उतरते आणि माणूस वाटेतच भोवळ येऊन पडतो. त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की एकादशीला काय घ्यावे, किती घ्यावे आणि उपास करावा की नाही.

खूण ओळखण्यास कठीण नाही. छातीवर धोंडा ठेवल्यासारखा दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, गार घाम, धाप. बायांना आणि मधुमेह्यांना पुष्कळदा छाती दुखतच नाही, नुसती मळमळ होते, दम लागतो, गळून गेल्यासारखे वाटते. असे झाले की तेथेच बसवावे, चालू देऊ नये, आणि १०८ या आकड्यावर फोन करावा. जपमाळेच्या मण्यांचा आकडा, विसरण्याची भीती नाही. रक्त अडल्यापासून सुमारे अर्ध्या तासात हृदयाचे मांस मरू लागते, आणि मेलेले पुन्हा उगवत नाही. ओवा-सोडा देऊन वाट पाहण्याइतका वेळ त्यात नसतो.

आमच्या दिंडीत आता अशी वहिवाट पाडली आहे. निघण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव, घरचा फोन, कोणता विकार, कोणती गोळी, हे वहीत उतरवून घेतात. वही विणेकऱ्याजवळ असते. दशमीला पुण्यात हरिपाठ झाला की वही वाचली जाते आणि ज्याने त्याने आपली गोळी हातात घेऊन दाखवायची. एकादशीला वडकीस घाटापूर्वी दिंडी अर्धा तास बसते. एक जण तांब्या घेऊन ओळीने फिरतो. पाण्यात मीठ-साखर असते आणि वर तुळशीचे पान. पहिल्या वर्षी निर्जळीवाले तोंड फिरवू लागले, तेव्हा आमच्या चोपदाराने तांब्या माउलींच्या पादुकांना लावून आणला आणि तीर्थ म्हणून हातावर घातला. तीर्थाला नाही कोण म्हणणार? त्या दिवशी चार फेऱ्या झाल्या.